वाकेन, पण मोडणार नाही!

बालदोस्तांनो, 'मोडेन पण वाकणार नाही' हा बाणा आपण लहानपणापासून ऐकत आलोय. वक्तृत्व स्पर्धेत हे वाक्य आलं की टाळ्या ठरलेल्या! पण आज तुमची ओळख करून द्यायची आहे ती नेमका उलटा बाणा असलेल्या एका शिपायाशी. तो म्हणतो, "वाकेन, पण मोडणार नाही!" आणि गंमत अशी की, त्याच्या या वाकण्यामुळेच माणसांचे जीव वाचतात. ऊन असो, पाऊस असो, मध्यरात्र असो, हा गडी महामार्गाच्या मधोमध उभा असतो. ओळखा पाहू कोण?

हवालदार म्हणालात? चुकलात! हा शिपाई म्हणजे पोलादी दोरांचा कठडा.

आईबाबांबरोबर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गानं कधी गेला असाल. २००२ साली पूर्ण झालेला हा सुमारे ९४ किलोमीटरचा रस्ता. त्यावर जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्यांच्या मध्ये जी पट्टी सोडलेली असते, तिला दुभाजक म्हणतात. एका बाजूची गाडी भरकटून पलीकडच्या बाजूला जाऊ नये म्हणून २०१० नंतरच्या दशकात या दुभाजकात अनेक ठिकाणी छोटे छोटे लोखंडी खांब रोवले गेले आणि त्यांच्यामधून एकावर एक असे चार पोलादी दोर ताणून बसवले गेले. वर्तमानपत्रांत त्यांना 'ब्रिफेन रोप' म्हणतात. ब्रिफेन हे खरं तर ब्रिटनमध्ये तयार झालेल्या एका प्रकारच्या कठड्याचं नाव. पण कुठल्याही वनस्पती तुपाला जसं सगळे 'डालडा' म्हणायचे ना, तसंच हे!

आता तुमच्यापैकी एखादा चौकस वीर नक्की म्हणेल, "काका, एवढी वेगात आलेली मोटार, तिला ही कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी दोरी काय अडवणार? त्यापेक्षा सरळ जाडजूड भिंत बांधा की!"

शाब्बास! प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर शोधायला आपण आधी क्रिकेटच्या मैदानावर जाऊ.

झेल कसा घ्यायचा?

उंच उडालेला चेंडू तुम्ही कसा झेलता? हात ताठ धरून? तसं केलंत तर चेंडू हातातून उडेल आणि तळवे लाल होतील ते वेगळंच. म्हणून चेंडू हातात येताच आपण हात मागे नेतो. चेंडूचा वेग तोच, चेंडू तोच. पण तो थांबायला थोडं अंतर आणि थोडा वेळ मिळाला की हाताला बसणारा फटका खूप कमी होतो. दोरांचा कठडा हेच करतो. तो गाडीचा 'झेल' घेतो.

किती फरक पडतो, ते आपण मोजूनच पाहू. काढा कंपासपेटी! कागदावर एक आडवी रेघ मारा. ती झाली आपला कठडा. आता तिच्याशी २० अंशांचा कोन करणारी ११ सेंटिमीटर लांबीची रेघ काढा. ही झाली ताशी ११० किलोमीटर वेगानं भरकटलेली गाडी. प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे ताशी १० किलोमीटर, असं धरा. तिरक्या रेघेच्या वरच्या टोकापासून आडव्या रेघेवर लंब टाका आणि तो लंब मोजा. किती भरला? सुमारे ३.८ सेंटिमीटर. म्हणजे गाडी ताशी ११०नं येत असली, तरी कठड्याच्या दिशेनं तिचा वेग आहे ताशी सुमारे ३८ किलोमीटर! उरलेला वेग रस्त्याच्या दिशेनंच आहे. म्हणून कठड्याचं काम गाडीला जागच्या जागी थांबवणं हे नाहीच. त्यानं फक्त हा आडवा ३८चा वेग मोडायचा आणि गाडीला हळूच रस्त्याच्या दिशेला वळवून घ्यायचं. मग ती दोरांना घासत घासत मंद होत जाते.

हा आडवा वेग न हलणाऱ्या भिंतीनं २० सेंटिमीटरमध्ये मोडला, तर आतल्या माणसाला त्याच्या वजनाच्या सुमारे २८ पट जोर सोसावा लागेल. ४० किलो वजनाच्या मुलाला जणू अकराशे किलोंचा रेटा! तोच वेग दोरांनी २ मीटर मागे झुकत मोडला, तर तो जोर वजनाच्या तिपटीहूनही कमी होतो. प्रत्यक्षात भिंतीवर आपटताना गाडीचा पत्राही चेमटतो, त्यामुळे हिशेब इतका सरळ नसतो. पण अंतर दहापट, तर जोर एक दशांश, हे सूत्र मात्र पक्कं.

आता कळलं ना, आपला शिपाई वाकतो का ते?

तीनपेडी वेणी

पण 'वाकेन' एवढंच म्हणून भागत नाही, 'मोडणार नाही' हेही हवंच. त्यासाठी दोर कसा असतो ते पाहा. तो साधारण १९ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे तुमच्या अंगठ्याएवढा असतो. ७ पोलादी तारा एकत्र पिळल्या की एक पेड तयार होतो आणि असे ३ पेड एकमेकांभोवती पिळले की दोर तयार. अगदी तीनपेडी वेणीच म्हणा ना! एकूण तारा झाल्या २१. पावसात गंजू नये म्हणून त्यांच्यावर जस्ताचा मुलामा देतात. असा एक दोर ११ टनांहून अधिक ओढ सहन करतो. म्हणजे ९०० किलोंच्या बारा मोटारी एकाखाली एक टांगल्या तरी तो तुटायचा नाही.

आजीच्या नव्या बाजेची सुतळी पाहिलीय? सुरुवातीला कडक ताणलेली, आणि महिन्याभरात मधोमध झोळ! पोलादी दोराचंही तेच होतं. नव्या दोराचे पेड एकमेकांत नीट बसलेले नसतात. ताण आला की ते दबतात आणि दोर लांबतो. म्हणून चांगल्या कठड्यांसाठी दोर कारखान्यातच आधी जोरानं ताणून घेतात आणि मगच रस्त्यावर आणतात.

आणि खांब? तुम्हाला वाटेल, खांब भक्कमातले भक्कम हवेत. छे! या कठड्याचे खांब मुद्दाम कमकुवत ठेवतात. गाडी अडवायची ती दोरानं. खांबानं फक्त दोर योग्य उंचीवर धरून ठेवायचा. गाडी आली की खांबानं निमूटपणे आडवं व्हायचं आणि दोर सोडून द्यायचा. खांब हट्टानं उभा राहिला तर गाडी त्याला अडकून गर्रकन फिरेल किंवा उलटेल. दोर खांबाला घट्ट बांधला असेल, तर खांबाबरोबर तोही जमिनीवर लोळेल आणि गाडी वरून निघून जाईल. म्हणून दोर नुसता खाचेत किंवा आकड्यात अडकवलेला असतो. दोन खांबांमधलं अंतरही विचार करून ठरवावं लागतं. खांब जवळजवळ असले की दोर कमी झुकतो, लांब लांब असले की जास्त.

दोन परीक्षा

तुम्हाला वार्षिक परीक्षा असते, तशी कठड्यालाही असते. ती पास झाल्याशिवाय त्याला रस्त्यावर नेमणूक नाही. युरोपातल्या परीक्षेचं नाव आहे ईएन १३१७. मोटारींसाठीच्या नेहमीच्या कठड्याला त्यात दोन पेपर द्यावे लागतात. पहिल्या पेपरात १,५०० किलोंची मोटार ताशी ११० किलोमीटर वेगानं २० अंशांच्या कोनात त्याच्यावर सोडतात. दुसऱ्या पेपरात ९०० किलोंची छोटी मोटार ताशी १०० किलोमीटर वेगानं, त्याच कोनात. अमेरिकेत मॅश नावाची परीक्षा आहे. तिथे गाड्या १,१०० आणि २,२७० किलोंच्या, वेग ताशी १०० आणि कोन २५ अंशांचा.

मोठी गाडी अडवली की झालं की, मग छोटीची परीक्षा कशाला? इथेच तर मेख आहे, दोस्तांनो! मोठ्या गाडीच्या पेपरात विचारतात, "तू अडवतोस का?" आणि छोट्या गाडीच्या पेपरात विचारतात, "तू जपतोस का?" हलक्या गाडीला धक्का जास्त जाणवतो. शिवाय तिचं नाक खाली असतं, त्यामुळे ती दोराखालून सटकू शकते. उलट उंच जीप दोरावरून कोलमडू शकते. म्हणून तर एकच दोर न लावता तीन किंवा चार दोर वेगवेगळ्या उंचीवर लावतात. अमेरिकेतल्या जुन्या तीन दोरांच्या कठड्यात ते जमिनीपासून सुमारे ५३, ६५ आणि ७७ सेंटिमीटरवर असत. आता यातला एक दोर जरी हातभर खाली घसरला, तरी सगळं गणित कोलमडतं, हे लक्षात येतंय ना?

आपल्याकडेही रस्त्यांच्या कठड्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनं २०१५ साली मार्गदर्शक पुस्तिका काढली. तिचा क्रमांक आहे आयआरसी ११९.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. दोरांचे बहुतेक कठडे मोटारी आणि जीप अडवण्यासाठी असतात. काही प्रकार मध्यम ट्रकच्या परीक्षेतही पास झालेत. पण चाळीस-पन्नास टनांचा भरलेला ट्रेलर त्यांच्या आवाक्यातला नाही.

उन्हाळ्यात ढिला, हिवाळ्यात ताठ

आता शाळेतलं विज्ञान आठवा. उष्णतेनं पोलाद प्रसरण पावतं. रेल्वेच्या रुळांचं उदाहरण तुमच्या पुस्तकात असेलच. थंडीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत ३५ अंशांचा फरक पडला, तर एक किलोमीटर लांबीचा मोकळा पोलादी दोर सुमारे ४२ सेंटिमीटर लांब होईल. पण आपला दोर मोकळा नाही. त्याची दोन्ही टोकं पक्की बांधलेली आहेत. त्यामुळे होतं काय, की उन्हाळ्यात त्याचा ताण कमी होतो आणि हिवाळ्यात वाढतो.

म्हणून दोर ताणणाऱ्या कामगाराच्या हातात एक तक्ता असतो. आज दोराचं तापमान इतकं, तर ताण इतका. काही प्रकारांत २० अंशांना प्रत्येक दोरावर सुमारे अडीच टनांचा ताण ठेवतात. भर दुपारी 'अंदाजपंचे दाहोदर्से' दोर ताणून चालत नाही. ताण कमी पडला तर दोर जास्त झुकेल, आणि मग 'वाकेन' म्हणणारा आपला शिपाई पार लोळण घेईल!

जागा चुकली की...

समजा दोर उत्तम, खांब उत्तम, ताणही बरोबर. मग झालं का काम? नाही! तो उभा कुठे केलाय, हे सगळ्यांत महत्त्वाचं.

एक तर त्याला वाकायला जागा हवी. चांगला ताणलेला कठडाही मोटारीच्या धडकेनं दोन ते तीन मीटर झुकू शकतो. मग त्याच्यामागे दीड मीटरवर झाड, दिव्याचा खांब किंवा पुलाचा खांब असेल तर? दोर झुकेल आणि गाडी थेट खांबावर! म्हणून जिथे मागे जागाच नाही, तिथे काँक्रीटची भिंत किंवा जाड पत्र्याचा कठडाच हवा. घरात झोपाळा टांगताना मागे कपाट नाही ना, हे आपण पाहतोच की.

दुसरं म्हणजे जमिनीचा उतार. परदेशात अनेक महामार्गांचा दुभाजक मधोमध खोलगट असतो, म्हणजे पावसाचं पाणी वाहून जातं. आता भरकटलेली गाडी उतारावरून खाली आली की तळाशी तिचे स्प्रिंग दबतात आणि तिचं नाक खाली जातं. नेमक्या त्याच जागी कठडा असेल, तर गाडी दोराखाली नाक खुपसते आणि दोर वर उचलून पलीकडे निघून जाते.

असं खरंच घडलं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात, सिएटल शहराच्या उत्तरेला मेरीसव्हिल नावाचं गाव आहे. तिथे आय-५ या महामार्गाच्या दुभाजकात दोरांचा कठडा बसवला होता. तरीही गाड्या पलीकडे जात राहिल्या आणि माणसं मेली. लोक संतापले. २००७ साली बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासणी झाली. राज्यात इतरत्र हेच दोर चांगलं काम करत होते. मग इथेच काय बिघडलं? तर इथला कठडा खळग्याच्या तळाच्या फार जवळ होता. शेवटी या भागासाठी काँक्रीटच्या कठड्याची शिफारस झाली. पुढे अभियंत्यांनी नियमच केला, की खळग्याच्या तळापासून सुमारे ३० सेंटिमीटर ते अडीच मीटर एवढ्या पट्ट्यात दोराचा कठडा उभा करायचा नाही, आणि सहास एकपेक्षा जास्त तीव्र उतारावर तर नाहीच. सहास एक म्हणजे सहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खाली.

पाहिलंत? दोर तोच, खांब तेच. फक्त जागा चुकली आणि रक्षण करणारा कठडा कुचकामी ठरला.

येव्लेची गोष्ट

आता एक चांगली गोष्ट ऐका. ती आहे स्वीडन देशातली. १९९७ साली तिथल्या संसदेनं एक धोरण मंजूर केलं. त्याचं नाव 'शून्य दृष्टी' किंवा इंग्रजीत 'व्हिजन झीरो'. त्यामागचा विचार फार साधा आहे. माणूस आहे तिथे चूक होणारच. कुणाला डुलकी लागेल, कुणाचं लक्ष विचलित होईल. पण त्या एका चुकीची शिक्षा मरण असता कामा नये. म्हणून रस्ताच असा बांधायचा, की तो चूक पोटात घालेल. आपली आई घालते ना, तशी!

स्वीडनमध्ये तेव्हा १३ मीटर रुंदीचे पुष्कळ रस्ते होते. मध्ये दुभाजक नाही, त्यामुळे समोरासमोर टकरा होत. हे सगळे रस्ते चौपदरी करायला पैसा कुठून आणायचा? मग अभियंत्यांनी युक्ती लढवली. आहे त्याच रुंदीत तीन पदर आखले. एका दिशेला दोन आणि दुसऱ्या दिशेला एक. एक-दोन किलोमीटरनंतर अदलाबदल, म्हणजे दोन्हीकडच्यांना आळीपाळीनं पुढे जायची संधी. आणि दोन दिशांच्या मध्ये पोलादी दोरांचा कठडा! असा पहिला रस्ता १९९८ साली येव्ले गावाच्या उत्तरेला तयार झाला. (आपल्या पैठणीच्या येवल्याशी याचा काही संबंध नाही बरं का!)

पुष्कळांनी नाकं मुरडली. "अरुंद रस्ता, त्यात मध्ये दोर. गाड्या सारख्या आपटतील!" आणि खरंच, गाड्या दोरांवर आपटल्या. खूपदा आपटल्या. पण प्रत्येक वेळी थोडे खांब वाकले, गाडीला ओरखडे आले, आणि माणसं बहुतेक वेळा आपल्या पायांनी चालत बाहेर आली. अशा रस्त्यांवरच्या मृत्यूंचं प्रमाण तीन चतुर्थांशांहून अधिक घटलं. किरकोळ धडका वाढल्या, मृत्यू घटले. तुम्हीच सांगा, यातलं काय पत्कराल?

दुचाकीवाल्यांचं काय?

दोरांच्या कठड्याला सगळ्यांत मोठा विरोध केला तो मोटारसायकलवाल्यांनी. मोटारीत बसलेल्या माणसाभोवती पत्र्याची पेटी असते. दुचाकीवाल्याभोवती काय असतं? काहीच नाही. तो घसरत जाऊन आदळला, तर दोर आपल्याला कापेल अशी त्यांना भीती वाटे. नॉर्वेनं तर असे नवे कठडे बसवणं थांबवलं. अभ्यासकांनी पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की दोरापेक्षा खरा धोका आहे तो खांबांचा. आणि खांब तर पत्र्याच्या कठड्यालाही असतात. स्वीडनच्या त्या तीन पदरी रस्त्यांवर मोटारसायकलवाल्यांचे मृत्यूही वाढले नाहीत, उलट कमी झाले. कारण समोरून येणाऱ्या गाडीवर आदळण्याचा धोका टळला.

तरीही हा प्रश्न आपण हसण्यावारी नेऊ शकत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे, पण इतर बहुतेक महामार्गांवर ती नाही. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यांतली जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवर होती. त्या प्रत्येक आकड्यामागे एक घर आहे, दोस्तांनो. म्हणून आपल्याकडे कुठल्या रस्त्यावर कोणता कठडा लावायचा, हे ठरवताना तिथून दुचाकी किती जातात, हा प्रश्न आधी विचारायला हवा. परदेशात चाललं म्हणून इथे जसंच्या तसं उचलून लावलं, असं करून कसं चालेल?

करून पाहा

साहित्य : दोन लाकडी खुर्च्या, एक स्टूल, सुतळी, अर्धा लिटर पाण्यानं भरलेली बाटली.

दोन खुर्च्या चार हात अंतरावर ठेवा आणि त्यांना सुतळी सैलसर बांधा. मधोमध बाटली टांगा. किती झोळ पडला, ते पट्टीनं मोजा. आता सुतळी घट्ट ताणून बांधा. झोळ कमी झाला ना? पण जरा खुर्च्यांकडे बघा! त्या एकमेकींकडे झुकू किंवा सरकू लागल्या असतील. धाकट्या भावंडांना खुर्च्यांवर बसवा, म्हणजे त्या हलणार नाहीत. (भावंडांना आधी खाऊ द्यावा लागेल!) तीच भावंडं म्हणजे कठड्याच्या टोकांचा काँक्रीटचा पाया. सगळ्या दोरांचा ताण शेवटी तिथेच जातो. माती भुसभुशीत असेल आणि पाया लहान असेल, तर तो हळूहळू सरकतो आणि मैलभर दोर ढिला पडतो.

आता बाटली काढा. सुतळीच्या मध्यावर स्टूल थोडं बाजूला ठेवून सुतळी त्याच्या बाहेरच्या अंगानं वळवून न्या, म्हणजे एक वळण तयार होईल. पुन्हा ताणा. स्टूल कुठे ओढलं जातं? आतल्या बाजूला! म्हणूनच घाटातल्या आवळ वळणांवर ताणलेला दोर चालत नाही. तो खांबांनाच आत ओढत राहतो. शिवाय तिकडे शेजारी दरी. वाकायला जागा कुठाय? तिथे भिंतच बरी. म्हणजे बघा, 'मोडेन पण वाकणार नाही' म्हणणाऱ्याचीही गरज असतेच की!

आपलं काम

गाडी आदळून गेली की दोरांच्या कठड्याचे काही खांब आडवे होतात. चांगल्या कठड्यात खांब जमिनीत पुरलेल्या खोबणीत बसवलेले असतात. मोडका उपसायचा, नवा घालायचा, काही मिनिटांचं काम. पण ते काम कुणी केलंच नाही, तर पुढच्या गाडीला त्या जागी कठडा नाहीच. दोर ढिला लोंबत असेल तर तो नसल्यातच जमा. राष्ट्रीय महामार्गावर असं काही दिसलं, तर आईबाबांना १०३३ या क्रमांकावर कळवायला सांगा. गाडी चालवता चालवता मात्र नाही हं, थांबल्यावर!

आणि आईबाबांनो, हे तुमच्यासाठीही. पलीकडच्या हॉटेलात जायला किंवा बस पकडायला सोपं पडावं म्हणून मुलांचा हात धरून दोरांखालून वाकून जाऊ नका. कठड्यात वाट पाडणं तर नकोच. ती फट कुणाच्या तरी जिवावर बेतते.

आता शेवटची आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. कठडा झेल घेतो तो गाडीचा. गाडीतल्या माणसाचा झेल कोण घेणार? गाडीला दोरानं अडवलं, पण आत तुम्ही मोकळे बसला असाल, तर तुम्ही पुढच्या सीटवर किंवा काचेवर आपटाल. तुमचा झेल घेतो तो सीटचा पट्टा. नीट पाहिलंत तर तोही एक पट्टीसारखा दोरच आहे. तोही किंचित ताणतो, पण तुटत नाही. दोन्ही टोकांना पक्का बांधलेला असतो आणि जागेवर असला तरच उपयोगाचा असतो. मागच्या सीटवरही तो लावणं कायद्यानं बंधनकारक आहे. "आम्ही मागेच तर बसलोय" ही सबब चालणार नाही!

तेव्हा पुढच्या वेळी गाडीत बसलात की आधी स्वतःचा पट्टा 'खट्' करून लावा, मग आजीचा लावून द्या, आणि बाबा विसरले असतील तर त्यांना खुशाल आठवण करा. या बाबतीत मोठ्यांना टोकलं तर कुणी रागावणार नाही, आणि रागावलंच तर हे पान त्यांना वाचायला द्या.

सुतळीच्या प्रयोगात तुमचा झोळ किती सेंटिमीटर भरला, खुर्च्या किती सरकल्या, ते वहीत लिहून ठेवा. भेटू पुढच्या अंकात. तोवर अच्छा!